नोंदवहीतला शेवटचा रकाना

जळगाव

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त सिस्टिम, वापरणाऱ्यांच्या आपल्या लिनक्स युजर ग्रुपची चिटणीसकी तुझ्याकडे आली. वर्षभराचे विषय कोणते घ्यावेत आणि बाहेरचे वक्ते कसे बोलवावेत, असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर पुढे देतो. त्याआधी दोनशे पानी नोंदवही आण आणि तिच्यात सात रकाने आख: तारीख, मशीन कोणाचं, मॉडेल, तक्रार, कारण, काय केलं, आणि शेवटचा ‘आठ दिवसांनी’. मीटिंगला आलेल्या प्रत्येकाला आठव्या दिवशी फोन करायचा, ‘चालू आहे का?’ एवढंच विचारायचं आणि मिळेल ते उत्तर त्या रकान्यात लिहायचं. ‘पुन्हा विंडोज टाकून घेतलं’ असं उत्तर आलं तर तेही लिहायचं. ग्रुप चालला की नाही ते या रकान्यावरून कळतं, बॅनरवरून किंवा फोटोतल्या डोक्यांवरून नाही.

पुण्याच्या पीएलयूजीसारख्या (पुणे लिनक्स युजर्स ग्रुप) ग्रुपात सॉफ्टवेअर कंपन्यांतली माणसं येतात, त्यांना कर्नलवरचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावरचं, व्याख्यान चालतं. आपल्याकडे कोण येतं ते आधी डोळ्यांसमोर आण. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, रावेर-सावद्याकडचा केळीच्या गाड्या भरणारा व्यापारी, पॉलिटेक्निकची मुलं-मुली, भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले कुणी काका, सेवा केंद्र चालवणारी एखादी ताई. यांची तक्रार ‘मना लॅपटॉप चालू व्हत नही’ एवढीच असते. तिथून सुरुवात केलीस तर पुढे यातलेच दोघे-तिघे टर्मिनलही, म्हणजे आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकीही, उघडतील. टर्मिनलपासून सुरुवात केलीस तर दुसऱ्या मीटिंगला तू आणि प्रोजेक्टर, दोघंच उराल.

मीटिंगचा वार ठरवून टाक आणि वर्षभर बदलू नकोस. महिन्याचा दुसरा रविवार चांगला. निरोप पोहोचला नाही तरी माणूस येतो, कारण त्याला वार पाठ असतो. अपवाद दोनच ठेव. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास घराघरांत माहेरवाशिणी आलेल्या असतात, कोणी फिरकत नाही. आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्या दिवशी खान्देशात मीटिंग ठेवणाऱ्याला लोक हसतात. वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलावीच लागते. मार्च ते जून सकाळी साडेसात ते साडेदहा, बाकीचे महिने दुपारी तीननंतर. हे फक्त माणसांच्या सोयीसाठी नाही. बाहेर ४४ अंश असताना पत्र्याच्या हॉलमध्ये जुना लॅपटॉप आधीच तापलेला असतो. इन्स्टॉलेशन सुरू झालं की प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचतो आणि स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. मग पंधरा मिनिटांचं काम पाऊण तास चालतं आणि आपण उगाच पेनड्राइव्हला दोष देतो.

हॉल बघायला जाशील तेव्हा खुर्च्या मोजू नकोस, प्लग मोज. मॉनिटरसकट एक डेस्कटॉप सुमारे दीडशे वॉट धर, लॅपटॉपचा चार्जर पासष्ट. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला १,३८० वॉटच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे दहा डेस्कटॉप एका एक्स्टेन्शन बोर्डवर बसत नाहीत, दोन वेगळ्या सर्किटवर वाटावेच लागतात. कूलर तिसऱ्या सर्किटवर, आणि त्याचा झोत टेबलांकडे नको. ओलसर वारा उघड्या मदरबोर्डवर जाता कामा नये. मल्टिमीटर घेऊन जा. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नीट नाही असं समज आणि वायरमन येईपर्यंत तिथे कुठलंही मशीन उघडू नकोस. ६०० व्हीएचा यूपीएस एक डेस्कटॉप दहा-पंधरा मिनिटं धरतो, तेवढ्यात नीट बंद करता येतं. त्याला लेझर प्रिंटर कधीच जोडू नकोस, गरम होताना तो एकदम एवढा करंट ओढतो की यूपीएस बसतो.

यंदा गर्दी होईल, त्याचं कारण तुला माहीत आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट वाढवून मिळतात, पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चौथ्या-सहाव्या पिढीची चांगली धडधाकट मशीन्स अचानक म्हातारी ठरली. त्यांचे मालक आपल्याकडे येणार. चार जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर अशा मशीनवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार सुखाने चालतो, आणि मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. दोन जीबीवालं आलं तर हलका डेस्कटॉप टाक, पण मालकाला स्पष्ट सांग: सिस्टिम चालेल, ब्राउझर मात्र पाच टॅबला गुडघे टेकेल. ३२ बिटचं मशीन आलं तर बहुतेक दारं बंद झाली आहेत. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात, डेबियन १२ मध्ये, त्यासाठी इन्स्टॉलर होता, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तो राहिला नाही. अशा मशीनवर दिवस घालवण्यात अर्थ नाही, असं माझं मत.

आता इन्स्टॉलच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ग्रुपचं नाव होतं ते इथे आणि जातं तेही इथेच.

जाणकार चार असतील तर आठ मशीन्स घे, फार तर दहा. अकराव्याला पुढच्या महिन्याची तारीख दे. माणूस रागावतो, पण अर्धवट मशीन घेऊन घरी गेलेला माणूस त्याहून जास्त रागावतो.

दारातच एक टेबल मांड. तिथे मशीन उघडायचं नाही, फक्त विचारायचं. पहिला प्रश्न: डेटा कुठे आहे आणि त्याची दुसरी प्रत आहे का? ‘काही नाही हो, फॉरमॅट मारून द्या’ असं दहापैकी सात जण म्हणतील. ऐकू नकोस. डेस्कटॉपवर मुलीच्या लग्नाचे फोटो असतात, डी ड्राइव्हमध्ये टॅलीचं फोल्डर असतं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असतात. बाहेरच्या डिस्कवर प्रत घे आणि ती प्रत दुसऱ्या मशीनवर लावून पाच फायली उघडून बघ. कॉपी झाल्याची पट्टी शंभरावर गेली म्हणजे प्रत झाली असं नाही. पेनड्राइव्हवर प्रत घेत असशील तर हेही लक्षात ठेव की फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो. बाजारात ‘१ टीबी’ लिहिलेले स्वस्त पेनड्राइव्ह मिळतात, त्यात खरी जागा ३२ जीबीची असू शकते. भरल्यावर ते वरकरणी लिहीत राहतात आणि डेटा हवेत जातो. एफ३ नावाचं साधन असा पेनड्राइव्ह ओळखून देतं. नवीन घेतलेला प्रत्येक पेनड्राइव्ह त्यातून काढ.

दुसरं, डिस्कची तब्येत. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, त्या स्मार्ट रिपोर्टमध्ये ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी वाच. पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर त्या डिस्कवर काहीच टाकायचं नाही. आधी डेटा काढायचा, मग नवी डिस्क. हे तपासल्याशिवाय इन्स्टॉल केलंस आणि तिसऱ्या दिवशी डिस्क गेली, तर लोक म्हणतील लिनक्सने डिस्क खाल्ली.

तिसरं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तू बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बदललंस की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड त्याला आठवत नसतो. म्हणून बायोसला हात लावण्याआधी ती की कागदावर उतरवून घे. की मिळाली नाही तर त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही.

मग लाइव्ह बूट, म्हणजे डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघणं. डाउनलोड केलेल्या आयएसओचा, म्हणजे लिनक्सच्या इन्स्टॉल फाइलचा, शा-२५६ आकडा, म्हणजे ती ६४ अक्षरांची ओळ, एकदा जुळवून घेतलेली असू दे. लाइव्हवर वीस मिनिटं घालव: वायफाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमी-जास्त होणं, प्रिंटर. आणि सगळे विसरतात ते एक: झाकण बंद करून उघड. झोपलेलं मशीन जागं होत नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं. वायफाय दिसत नसेल तर बहुतेकदा ब्रॉडकॉमचं कार्ड असतं, त्याचा ड्रायव्हर नेटवरून घ्यावा लागतो, आणि नेट तर नाही! अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू कर. वायफायशिवाय नेट मिळतं आणि ड्रायव्हर उतरतो. म्हणून पेटीत डेटा चालणाऱ्या दोन चांगल्या केबल हव्यात. फक्त चार्जिंगच्या केबल तशाच दिसतात आणि अर्धा तास खातात.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेलचं रॅपिड स्टोरेज किंवा ‘रेड’ चालू असतं. ते एएचसीआय या डिस्कच्या साध्या पद्धतीवर न्यावं लागतं. पण विंडोजही ठेवायचं असेल तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल अशी सोय करून मगच बदल, नाहीतर निळा पडदा येतो. दोन्ही सिस्टिम ठेवताना जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी कर, ईएफआय पार्टिशनला (मशीन सुरू करणाऱ्या फायलींच्या भागाला) धक्का लावू नकोस, आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं की ‘शट डाउन’ केलेलं विंडोज खरं तर अर्धं झोपलेलं असतं, आणि लिनक्समधून डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. आठव्या दिवशीच्या फोनवर ‘फाइल सेव्ह होत नाही’ ही तक्रार आली तर नव्वद टक्के हेच. दुसरी हमखास तक्रार घड्याळाची: विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तासांनी चुकते. विंडोज मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेचं मानतं, लिनक्स जागतिक वेळेचं, आणि आपल्यात नि त्यात फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सला ते घड्याळ स्थानिक वेळेप्रमाणे वाचायला सांगितलं की मिटतं.

पासवर्ड मालकाने स्वतः टाइप करायचा, आपण तोंड फिरवायचं. घरी जाण्याआधी त्याच्याच हाताने मशीन बंद-चालू करून घे, त्याच्याच फोनचा हॉटस्पॉट जोडून घे, त्याची एक जुनी फाइल त्याला उघडायला लाव. हे तू करून दाखवलंस तर ते त्याला येत नाही. त्याने केलं तर येतं.

आता न करण्याच्या गोष्टी. सेवा केंद्रवाल्या ताईंचं मशीन उत्साहात पूर्ण लिनक्सवर नेऊ नकोस. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन आणि सरकारी पोर्टलची उपकरणं विंडोज धरूनच बनवलेली असतात. तिथे एक दिवस काम थांबलं तर दारात रांग लागते. टॅलीवर धंदा चालणाऱ्याचंही तेच. त्यांना घरचा जुना लॅपटॉप घेऊन यायला सांग. प्रिंटरही आधी विचार. एचपीचे बहुतेक एचपीएलआयपी या ड्रायव्हरने चालतात, पण लेझरजेट १०२० सारख्याला चालू केल्यावर दर वेळी फर्मवेअर भरावं लागतं, त्यासाठी वेगळं प्लगइन आधी टाकून ठेव. कॅननचा एलबीपी २९०० प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो आणि लिनक्सवर तोच सगळ्यात जास्त छळतो, त्याचा जुना कॅप्ट ड्रायव्हर नव्या सिस्टिमवर सहजी बसत नाही. मालकाकडे तो एकच प्रिंटर असेल तर इन्स्टॉल करण्याआधीच हे सांगायचं.

हार्डवेअरसाठी एक कोपरा वेगळा ठेव, तिथे मुलांची गर्दी आपोआप होते. तिथे पहिली शिकवण ही की लोक ज्याला ‘सीपीयू’ म्हणतात ती पेटी, सीपीयू तिच्या आत असतो. हसू नकोस, आपणही सगळे तेच म्हणत होतो. ‘कुठलीच वेबसाइट उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणतंय’ अशी तक्रार आली तर आधी तारीख बघ. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी मेली की मशीन दर वेळी जुन्या सालात उठतं आणि वेबसाइटचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. तीन व्होल्टची ती चकती मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दाखवत असेल तर बदल. मशीन बीप वाजवून थांबत असेल तर रॅम काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने पुसून परत बसव. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत हे मुलांना कळतं. पण डीडीआर३ आणि डीडीआर३एल एकाच खाचेत बसतात आणि तरी एक १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ ची असते, हे दुकानदारही विसरतो. चौथ्या पिढीनंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना ‘एल’वालीच लागते. धूळ ब्लोअरने काढताना पंखा बोटाने धरून ठेव, गरगरू देऊ नकोस. जिनिंगच्या जवळच्या गावांतून आलेल्या मशीनमध्ये धुळीऐवजी सरकीच्या तंतूंचा नमदा निघतो, तो चिमट्याने ओढावा लागतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी हरभऱ्याच्या डाळीएवढी लाव, थापू नकोस. फुगलेली लॅपटॉपची बॅटरी आली तर ती दाबायची नाही, टोचायची नाही, भंगारवाल्याला द्यायची नाही. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे पाठवायची.

नेटचं गणित आधी कर. मिंटची आयएसओ सुमारे ३ जीबी, आणि इन्स्टॉलनंतरचे अपडेट मशीनमागे अर्धा ते एक जीबी. दहा मशीन्स म्हणजे १० जीबीपर्यंत, एका फोनच्या हॉटस्पॉटवर. होत नाही. एका लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी, म्हणजे उतरवलेली पॅकेजेस साठवून इतरांना देणारा प्रोग्रॅम, चालू ठेव, त्याचं पोर्ट ३१४२. बाकी मशीन्सना तो प्रॉक्सी (मधला दलाल) म्हणून सांग. पहिल्या मशीनने उतरवलेलं पॅकेज पुढच्या नऊंना हॉलमधल्या राउटरवरूनच मिळतं. आदल्या रात्री घरच्या नेटवर एक मशीन अपडेट करून तो साठा भरून ठेवलास तर उत्तम. पॅकेजचे स्रोत एचटीटीपीएसने लिहिलेले असतील तर साठवण होत नाही, ते साध्या एचटीटीपीवर करून ठेव. पॅकेजवर सही असतेच, त्यामुळे त्यात धोका नाही. आणि घरी जाताना प्रॉक्सीची ती ओळ काढायला विसरू नकोस, नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावात बसून ते मशीन तुझ्या लॅपटॉपला शोधत राहील.

ग्रुपच्या बातम्या कशा लिहायच्या याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मीटिंगच्या आधी सूचना जाते आणि नंतर वृत्तांत, दोन्हीचं काम वेगळं. सूचनेत तारखेबरोबर वारही लिही, दोन्ही चुकले तरच माणूस चुकतो. जागेची खूण दे. काय आणायचं ते लिही: चार्जर, ८ जीबीचा पेनड्राइव्ह, रिकव्हरी की, आणि डेस्कटॉप असेल तर मॉनिटर आणायचा की नाही. चार्जर हा शब्द वगळलास तर तीन जण बिनचार्जरचे येतात. आणि काय होणार नाही तेही लिही: मोबाइलचं लॉक काढून मिळणार नाही, चोरीचं सॉफ्टवेअर टाकून मिळणार नाही. सूचना चित्र करून पाठवू नकोस. चित्रातलं अक्षर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर ते वाचत नाही. युनिकोडमध्ये साधा मजकूर पाठव, सजवायचंच असेल तर चित्र सोबत जोड.

वृत्तांत दोन दिवसांत गेला पाहिजे, आठवण तोवरच ताजी असते. ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला, मान्यवर उपस्थित होते, आभार मानले’ हे लिहायला मीटिंगला जावंच लागत नाही. त्याऐवजी असं लिही: ‘अमुक मॉडेलचा लॅपटॉप, चार जीबी. मिंट टाकलं. वायफाय ब्रॉडकॉमचं, फोनच्या टेदरिंगवरून ड्रायव्हर घेतला. झोपेतून जागा होत नव्हता, नवा कर्नल टाकल्यावर झाला. बोटाचा ठसा वाचणारा चालला नाही.’ हे शेवटचं वाक्य सर्वात मोलाचं. न जमलेलं लिहिलं नाहीस तर पुढच्या महिन्यात दुसरा माणूस त्याच मॉडेलवर तोच अर्धा दिवस घालवेल. मालकाचं नाव, फोन नंबर, स्क्रीनवर उघडी असलेली त्याची फाइल यातलं काहीही वृत्तांतात किंवा फोटोत येऊ देऊ नकोस. मॉडेल सार्वजनिक, माणूस नाही. नोंदवहीतलं नावही नोंदवहीतच राहू दे.

स्थानिक वर्तमानपत्रात बातमी द्यायची असेल तर शंभर शब्दांच्या आत लिही. बऱ्याच ठिकाणी मजकूर अजूनही जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये रूपांतर करून लावतात, त्यात रफार उडतो आणि आकडे बदलतात. वेळ आणि फोन नंबर छापण्याआधी पानावर बघून घे.

यावरूनच मराठी टायपिंगकडे येतो. वर्षातल्या दोन मीटिंगा यालाच दे, त्याला सर्वात जास्त लोक येतात. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकव. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि क ज्या कळीवर त्याच कळीवर शिफ्टने ख. नव्या माणसाला ही मांडणी पंधरा दिवसांत येते. टाइपरायटरवर शिकलेल्या कारकुनाला मात्र रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीची, सवय असते, त्याला ओढून आणू नकोस, त्याचा वेग त्याची भाकरी आहे. ‘ऱ्य’ मात्र सगळ्यांना शिकव. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हा फरक एका शिफ्टचा: साधी जे दाबून डी आणि स्लॅश दाबलं की रफार येतो, शिफ्टसह जे दाबून पुढे तेच केलं की ऱ्य. हेच अक्षर साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावूनही काढता येतं. दिसायला दोन्ही सारखी, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. मतदारांच्या किंवा सभासदांच्या यादीत ‘चौधऱ्यांचा’ असं शोधून निम्मीच नावं आली तर कारण हे. सगळ्यांनी एकच रीत वापरायची असं ठरवून घ्या. लिबरऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायचं मोफत सॉफ्टवेअर) भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टला टिक करून हिंदीऐवजी मराठी निवड, आणि फॉन्टची शैली बदलताना देवनागरीचा फॉन्ट वेगळ्या जागी असतो हे दाखव. वरचा बदलून ‘मराठी तसंच राहिलं’ म्हणणारे खूप.

ग्रामपंचायतीतल्या किंवा शाळेतल्या श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या जुन्या फायली लोक घेऊन येतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती कशात चुकतात ते समजून घे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर, जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवतात, वेलांटी नंतर, र् आधी. म्हणून जोडाक्षरावर वेलांटी किंवा रफार आला की साधन अडखळतं: ‘कीर्ती’, ‘मूर्ती’, ‘स्थिती’ असे शब्द तपासून बघ. आडनावं आणि रकमा माणसानेच ताडून बघायच्या. मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट, दोन्ही जपून ठेवायचं.

वक्त्यांचं विचारलं होतंस. चाळीस मिनिटांच्या वर कोणालाही देऊ नकोस, पडद्यावरचं अक्षर शेवटच्या रांगेतून वाचता आलं पाहिजे, आणि व्हीजीए-एचडीएमआयचा ॲडॉप्टर वक्त्याकडे असेल असं गृहीत धरू नकोस. वक्ते इथलेच काढ. केळीच्या गाडीचा हिशोब लिबरऑफिस कॅल्कमध्ये करणारा व्यापारी कर्नलवाल्यापेक्षा जास्त टाळ्या घेतो. संगणकाचं काम म्हणजे पुण्याचंच, असं म्हणणाऱ्या मुलांना एवढंच सांग की विप्रो १९४५ मध्ये अमळनेरला सुरू झाली, वनस्पती तुपासाठी. सप्टेंबरचा तिसरा शनिवार सॉफ्टवेअर फ्रीडम डे म्हणून धरतात. तो बहुतेक वेळा गणपतीत किंवा पितृपक्षात येतो. गणपतीत आला तर प्रोजेक्टर मंडळाने नेलेला असतो, महिनाभर आधी बोलून ठेव.

ठिबकवाल्या शेतकऱ्यांची मुलं ईएसपी३२, म्हणजे वायफाय असलेला छोटा कंट्रोलर, मागतील, घे तोही विषय. ओलाव्याचा सेन्सर कपॅसिटिव्ह घ्या. दोन उघड्या काट्यांचा स्वस्त सेन्सर काही आठवड्यांत गंजतो. सेन्सरची तार ३२ ते ३९ मधल्या पिनला जोडा, कारण वायफाय चालू असताना दुसऱ्या एडीसीच्या (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाच्या) पिना वाचतच नाहीत. ‘प्रोग्रॅम बरोबर आहे पण आकडा येत नाही’ हे कोडं इथलंच. प्रत्येक सेन्सरचं कोरड्या हवेतलं आणि पाण्यातलं वाचन वेगळं घ्या, दोन सेन्सर सारखे नसतात. वरच्या उघड्या कडांना इपॉक्सी लावा. आणि आपल्या काळ्या मातीला एप्रिलमध्ये भेगा पडतात, सेन्सरभोवती पोकळी झाली की ओल्या जमिनीतही तो कोरडं सांगतो, तेव्हा माती दाबून घ्या. तीन फेजच्या मोटारीला रिले थेट जोडायचा नाही. ते काम स्टार्टरमधून, वायरमनच्या हाताने.

पैशांचं थोडक्यात. वर्गणी घे, पावती दे, दर महिन्याला जमाखर्च भिंतीवर लाव. एसएसडी कुठून घ्यायची ते सुचव, पण दुकानदाराकडून चहासुद्धा कमिशन म्हणून घेऊ नकोस. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून देण्याचा आग्रह होईलच. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात असा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, एवढं सांगितलं की आग्रह कमी होतो. बरेचदा त्याला हवं असलेलं काम लिबरऑफिसमध्ये किंवा चित्रांसाठीच्या गिंप, इंकस्केपमध्ये होतंच.

थंडी पडू लागली आहे, भरिताची वांगी आली आहेत. डिसेंबरची मीटिंग मळ्यात घेऊन नंतर भरीत-पुरी करू या म्हणणारे निघतील. भरीत जरूर करा, पण मशीन्स तिथे नेऊ नका: मळ्यात तुरीच्या काड्यांचा धूर आणि एकच प्लग असतो.

पहिल्या मीटिंगच्या आधी हॉल बघायला आपण दोघे जाऊ. मल्टिमीटर मी आणतो. तू सीआर२०३२ च्या पाच बॅटऱ्या, डेटाच्या दोन केबल आणि नोंदवही आण. जुन्या नोंदवहीत मागच्या तीन महिन्यांतल्या ज्या लोकांचा शेवटचा रकाना कोरा आहे, त्यांचे नंबर एका कागदावर काढून ठेवले आहेत. हॉलच्या ओट्यावर बसून त्यांना फोन करून घेऊ.

तुझा,
ग्रुपचा एक जुना सभासद